बॅनरच्या मागचा बुध

कंधारला जाऊन काय पाहिलंत, असं परत आल्यापासून जो तो विचारतो आहे. पहिल्या दोन संध्याकाळी मी काय पाहिलं ते आधी सांगून टाकते. बॅनर पाहिला. वीस फूट रुंद, दहा फूट उंच, गर्द निळा. त्यावर वरच्या बाजूला सगळे ग्रह ओळीनं छापलेले आणि खालच्या बाजूला सगळे देणगीदार. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतले हौशी आकाशनिरीक्षक तीन दिवसांसाठी एकत्र जमले होते. कोण कुठला, कोण काय बघतो, कुणाकडे कसली दुर्बीण आहे, हे सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं. काही जणांनी दोनदा सांगितलं. पश्चिमेचं आभाळ तेवढं बॅनरच्या मागे राहून गेलं.

मला मात्र तेच हवं होतं. ते का हवं होतं हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

मी लातूरच्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दर वर्षी सूर्यमाला आली की फळ्यावर मध्ये सूर्य काढायचा, त्याच्या कुशीत बुध काढायचा आणि सांगायचं, "हा फार लाजाळू ग्रह. सूर्य मावळला की जेमतेम तासभर पश्चिमेला खाली दिसतो, आणि तोही वर्षातून थोडेच दिवस." एका वर्षी आठवीच्या वर्गात सविता नावाची मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमी बगितलाय का?" मी म्हणाले, "हो." एवढ्यावर थांबायचं ना. पण मी पुढं म्हणाले, "पुष्कळदा."

मी बुध पाहिलेला नव्हता. ते "हो" मी स्वतःला केव्हाच माफ करून टाकलं, चाळीस मुलींसमोर कधीकधी जातं तोंडातून. पण "पुष्कळदा" मनातून काही जाईना.

शुक्रवार : लातूर ते कंधार

ती सविता आता चौतिशीची आहे. लातुरात नवऱ्याबरोबर मेडिकल चालवते, आणि दुकान बंद झाल्यावर गच्चीवर दुर्बीण लावते. मी निवृत्त झाल्यावर एकदा खोकल्याचं औषध आणायला गेले तेव्हा तिनं मला ओळखलं आणि काउंटरवरून वाकून नमस्कार केला. "बाई, मला या नादाला तुमीच लावलं," ती म्हणाली. कंधारच्या मेळाव्याला तीच मला घेऊन चालली होती.

नांदेडच्या एसटीत बसून लोह्याला उतरायचं आणि तिथून कंधारची गाडी धरायची, असा आमचा बेत होता. सविताच्या मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेली दुर्बीण होती आणि दोघींच्या पायांत तिचा तिवई स्टँड. कंडक्टरनं स्टँडकडे बघून विचारलं, "ह्ये काय, बोअर घेऊन राहिले का?" लातूरच्या माणसाला तीन पायांचं काहीही दिसलं की बोअरवेल आठवते, त्यात त्याची चूक नाही.

अहमदपूर मागं पडल्यावर सविता म्हणाली, "बाई, एक सांगायचं राहिलं. तुमचं नाव टाकलंय मी कार्यक्रमात."

"कसल्या कार्यक्रमात?"

"बुधदर्शनाच्या. आज सांजच्याला. तिथं कुणीच पक्कं सांगंना की बुध कुठं दिसतो, म्हणून मी म्हणलं, आमच्या बाईंनी पुष्कळदा बगितलाय."

तो शब्द तिला अजून जसाच्या तसा आठवत होता. मी खिडकीबाहेर शेतांतल्या तुराट्या बघत बसले. लोह्याला चहा घेतला तोही गोड लागला नाही. मात्र मनात एक हिशेब करून ठेवला. दिवस फेब्रुवारीच्या शेवटाचे, बुध पाहायला वर्षातले सगळ्यात चांगले. माझ्या पर्समध्ये घडी घातलेला एक कागद होता. सूर्य कुठं मावळेल, बुध त्याच्या वर किती अंशांवर असेल, हे मी दोन दिवस खपून त्यावर काढलेलं होतं. दिवस बुडाला की कुणाच्या नकळत आपण आधी बघून घ्यायचा आणि मग सगळ्यांना दाखवायचा. म्हणजे खोटं काही उरणार नाही, जुनं फक्त जरा उशिरा खरं होईल.

मेळावा कंधारच्या अलीकडे एका शाळेच्या माळावर होता. जागा मोठी नामी. चौफेर उघडा माळ, मोजकी कडुलिंबाची झाडं, पश्चिमेला लांबवर एक बुटकी टेकडी. आम्ही पोचलो तेव्हा स्टेज बांधून झालं होतं. स्टेज माळाच्या पश्चिम टोकाला होतं. त्यामागे बांबूंवर तो बॅनर ताणलेला. बॅनरच्या पाठीमागे चारी बाजूंनी उघड्या, पत्र्याच्या शेडमध्ये स्वयंपाक, दोन्ही बाजूंना कनाती.

सूत्रसंचालक पांचाळ सर हे कंधारचेच शिक्षक होते, इस्त्रीचा कुर्ता घातलेले आणि हातात कायम माईक असलेले. मी त्यांना गाठून म्हणाले, "सर, स्टेज पश्चिमेला का घेतलं? संध्याकाळी तिकडेच बघायचंय ना?"

"मॅडम," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "पाहुण्याचं तोंड पूर्वेला पाहिजे. शुभकार्यात पश्चिमेला तोंड करून बसवतेत का कुणाला?"

म्हणजे पाहुण्यांचं तोंड पूर्वेला, म्हणून त्यांची पाठ पश्चिमेला, म्हणून पाठीमागचा बॅनर पश्चिमेला. आणि आकाश बघायला दोन जिल्ह्यांतून आलेली साठ-पासष्ट माणसं त्या बॅनरकडे तोंड करून खुर्च्यांवर.

कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, पाच ते सहा परिचय, पावणेसातला बुधदर्शन. पाचला पाहुणे आले नव्हते. सहाला आले. मग दुर्बिणीचं पूजन निघालं. सगळ्यांत मोठी दुर्बीण स्टेजवर झेंडूचा हार घालून उभी केली होती, तिला हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडायचा की नाही यावर दोन गट पडले. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, आपण विज्ञानवादी आहोत, नारळ नको. दुसरे म्हणाले, नारळ ही परंपरा आहे, अंधश्रद्धा नव्हे. दोघांनाही आपापलं म्हणणं मांडायला माईक देण्यात आला. इकडे सूर्य मावळला. शेवटी नारळ फोडला आणि वर पांचाळ सरांनी जाहीर केलं की पूजलेली वस्तू उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवता येत नाही, तेव्हा ही दुर्बीण तूर्त स्टेजवरच राहील.

मग परिचय सुरू झाला. "थोडक्यात," असं पांचाळ सर प्रत्येकाला बजावत होते आणि प्रत्येक परिचयानंतर स्वतः चार ओळींची कविता म्हणत होते.

"चांदण्यांची ओळख
चांदण्यांनीच करून द्यावी,
माणसांची ओळख मात्र
माईकवरच व्हावी."

टाळ्या. मला पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं होतं. शेजारी अध्यक्ष बिरादार सर, उदगीरचे, पांढऱ्या मिशांचे, चाळीस वर्षं आकाश बघत असलेले. आपल्याकडे पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरून मध्येच उठणं म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर दार आपटण्यासारखं आहे. मी दोनदा उठायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा बिरादार सरांनी यजमानांच्या ट्रेमधला पाण्याचा ग्लास पुढं केला. नांदेडकडचे यजमान ग्लास काठोकाठ भरतात. आम्ही लातूरकर, आमच्याकडे पाहुण्याला अर्धाच ग्लास देतात आणि तो अर्धाही संपवल्याशिवाय खाली ठेवत नाहीत. मी दोन्ही ग्लास नाइलाजानं संपवले.

रागाच्या भरात अन्याय नको, म्हणून सांगते की परिचय ऐकण्यासारखे होते. मुखेडचे एक शेतकरी म्हणाले, "आमच्या शेताला रातच्याला लाईट असती. पाणी धरता धरता आभाळ पाठ झालं. पाण्याचं बारं बदलायचं ते घड्याळावर न्हाई, मृगाच्या तिकांड्यावर, त्या तीन चांदण्यांवर." देगलूरची एक अंगणवाडीताई म्हणाली की तिची आजी तेलुगूत नक्षत्रांची नावं सांगायची, ती तिनं सगळी वहीत उतरवून घेतली आहेत. हे सगळं मला रात्री जेवताना ऐकायला फार आवडलं असतं. सात वाजता, त्या बॅनरच्या मागे बुध उतरत असताना, मला ते ऐकवेना.

त्यात सविता उठली. "माझ्या बाई इथं आल्यात," ती म्हणाली. "मी आठवीत असताना त्यांनी सांगितलं, बुध मी पुष्कळदा बगितलाय. त्या दिवसापासून मला वाटायचं, आपल्या गावातल्या बाई बघू शकतेत, तर आपुन का न्हाई." साठ माणसं माझ्याकडे वळली. मी मान खाली घातली, ती त्यांना नम्रता वाटली.

परिचय संपले तेव्हा आठ वाजत आले होते. आम्ही कनातीला वळसा घालून मैदानाच्या बाजूला गेलो. बुध मावळलेला असणार, हे मला कळत होतं. "मावळला" एवढं म्हणायचं होतं. पण टेकडीच्या वर, माझ्या कागदावर काढली होती त्याच दिशेला, एक तांबूस ठिपका होता. मला वाटलं, माझं गणित चुकलं असेल. खरं म्हणजे, चुकलेलं असावं असं वाटलं. सविता म्हणाली, "बाई, तोच का?"

मी म्हणाले, "तोच."

टाळ्या वाजल्या. मोबाईल वर झाले. बिरादार सर आपली छोटी दुर्बीण डोळ्याला लावून म्हणाले, "लालसर आहे. बरोबर आहे, बुधच." मग सगळे जेवायला गेले.

येसर आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. आमटी आमच्यापेक्षा दुप्पट तिखट होती, डोळ्यांतून पाणी आलं ते मी तिच्यावर ढकललं. हात धुवायला शेडच्या बाजूला गेले तर नऊ वाजून गेले होते आणि बुध होता तिथंच होता. केसभरही हलला नव्हता.

शनिवार : माळावरच

सकाळी नाश्त्याला सुशीला होता. सुशीला आमच्या लातूरचा आणि नांदेडकरांनी तो आपला म्हणून वाढावा, हे एरवी मी चालू दिलं नसतं. पण त्यातले फोडणीचे चुरमुरे चिवडत मी टेकडीकडे बघत होते. टेकडीवर मोबाईलचा टॉवर होता.

दिवसभर सत्रं चालली. एक गट किल्ला बघून आला, खंदकात अजून पाणी आहे म्हणून सांगत होता. मी गेले नाही. दुपारी हिमायतनगरची मंडळी आली, त्यांची गाडी आदल्या दिवशी वाटेत बंद पडली होती. त्यांच्यात राठोड नावाचे एक लाइनमन होते, कंबरेला पक्कड लावलेले. कुणीतरी उत्साहानं त्यांना टेकडीकडे बोट दाखवून सांगितलं, काल तिथं बुध पाहिला. राठोडांनी टेकडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळानं चहाचे दोन कप घेऊन ते माझ्याजवळ आले.

"मॅडम, त्या टेकडीवर टावर हाय. वर लाल दिवा असतो, इमानासाठी."

"हो," मी म्हणाले.

"न्हाई, मी काय बोलत न्हाई कुणाला. तुमाला सांगून ठेवलं." आणि चहाचा कप देऊन ते निघून गेले. त्यांच्या त्या भलेपणानं मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी काहीही करून निसटायचं, असं मी ठरवलं होतं. साडेसहाला पांचाळ सरांना म्हणाले, "आज बॅनर जरा बाजूला घेता येईल का? अर्धा तासच."

"मॅडम, खाली देणगीदारांचे फोटो हायेत. त्यांना दुमडलं तर पुढच्या वर्षी कुणी देतंय का?"

"मग मी शेडमागे जाऊन येते."

"आता कसं जाता? हिमायतनगरचे पाव्हणे काल नव्हते. त्यांना कुणीच ओळखत न्हाई. म्हणून सगळ्यांचा परिचय परत घेऊन राहिलो. कुणाच्या मनात राहायला नको."

मी एकतीस वर्षं शाळेत काढली आहेत. वार्षिक तपासणी, गॅदरिंग, पावसात झेंडावंदन, सगळं सोसलं आहे. पण झालेला परिचय पुन्हा पहिल्यापासून होतो, हे पहिल्यांदाच पाहिलं. मुखेडच्या शेतकऱ्यांनी पाणी पुन्हा धरलं. देगलूरच्या ताईंनी आजी पुन्हा सांगितली. नारळवादी आणि नारळविरोधी, दोघांनी आपापली भूमिका नव्या मंडळींसाठी पुन्हा मांडली. राठोड म्हणाले, "मी लाइनमन. लोक लोडशेडिंगला शिव्या देतेत, मी त्याची वाट बघतो. गावातली लाईट गेली की पोरांना घेऊन बाहेर येतो." तेवढं एक नवीन होतं, म्हणून हसू आलं. आणि जवळजवळ प्रत्येकजण शेवटी म्हणत होता, "काल पाठक मॅडमच्या कृपेनं बुध पाहिला."

सात वाजले. मी उठले. पांचाळ सर माईकवरून म्हणाले, "पाठक मॅडम, बसा, बसा. पुढचा सत्कार तुमचाच हाय."

बुध दाखवल्याबद्दल माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, टाळ्या. फोटोसाठी मला पूर्वेकडे तोंड करून उभं केलं. माझ्या पाठीशी कापड, कापडामागे खरा बुध, आणि माझ्या हातात त्याच्या नावाचा नारळ.

रविवार : शेडमध्ये

मेळाव्यात रात्रीचं आकाश उत्तम दिसलं, त्याबद्दल इतरांनी लिहिलंच असेल. मी दोन्ही रात्री डोकं दुखतंय म्हणून लवकर झोपले. रविवारी दुपारी तो नारळ घेऊन मी स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेले. माझ्याच्यानं तो घरी नेववत नव्हता.

भाकऱ्या करणाऱ्या गयाबाई शेजारच्या वाडीच्या. साठीच्या असतील, हात तव्यासारखे काळे आणि चपळ. मी म्हणाले, "मावशी, हा चटणीत घाला."

"सत्काराचा ना? घरी न्या की, देवापुढं ठिवा."

"नको. मी त्यांना एक चांदणी दाखवली म्हणून दिला. आणि ती चांदणी नव्हती, टॉवरचा दिवा होता."

हे मी तीन दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. गयाबाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. पीठ मळता मळता त्या म्हणाल्या, "टावराची न्हाई ती. टावराच्या वर, जरा उजव्या हाताला हाय."

"काय?"

"चांदणी. दिवस बुडाला की दिसती. चूल हिकडं तोंड करून हाय ना माझी, भाकरी थापताना समोरच असती. पैल्या दिशी म्या म्हणलं इमान हाय. पण ती हालंना. तीस भाकरी होईस्तोवर असती, मग टेकडीमागं जाती."

मी पर्समधला कागद काढला. टॉवरच्या वर, जरा उजव्या हाताला. माझं गणित बरोबर होतं. स्टेजच्या पलीकडे साठ माणसं बुधाविषयी बोलत असताना कापडाच्या अलीकडे ही बाई दोन्ही संध्याकाळी त्याच्याकडे बघत भाकरी थापत होती. तिचा परिचय मात्र कुणी घेतला नव्हता.

मला एवढा राग आला की काय सांगू. पांचाळ सरांचा आला, बॅनरचा आला, देणगीदारांचा आला, आणि मग लक्षात आलं की यांतल्या कुणीही मला "तोच" म्हणायला लावलं नव्हतं.

संध्याकाळी समारोप होता. मी ठरवलं होतं की सरळ शेडमध्ये जाऊन बसायचं, एकटीनं बघायचा आणि गप्प घरी जायचं. कुणाला कळणार नव्हतं. राठोड बोलणार नव्हते, गयाबाईंना कुणी विचारणार नव्हतं. मी शेडच्या दिशेनं निघालेही होते, तेवढ्यात स्पीकरवर माझं नाव आलं. मनोगत. आणि पुढच्या रांगेत सविता माझ्यासाठी जागा धरून बसलेली दिसली, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून.

स्टेजवर गेले. सात वाजायला आले होते. मी म्हणाले, "माझं नाव पाठक. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. बुध मी कधीही पाहिलेला नाही. वर्गात पाहिला म्हणून सांगितलं ते खोटं होतं. परवा तुम्हाला दाखवला तो मोबाईलचा टॉवर होता."

माईक एकदा किंचाळला. पांचाळ सर चारोळीसाठी कुर्त्याचे खिसे चाचपू लागले. मी सविताकडे बघायचं टाळलं, पण दिसायचं ते दिसलंच. तिनं खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली होती.

"खरा बुध या बॅनरच्या मागे आहे," मी म्हणाले. "आत्ता. मागे भाकऱ्या चालू आहेत. तीस होईपर्यंत राहील. किती झाल्या कुणी विचारून या."

कुणी विचारायला गेलं नाही. कापडामागून गयाबाईंचाच आवाज आला, "धा झाल्या."

राठोड उठले. कुणाची परवानगी न विचारता ते स्टेजच्या कडेच्या बांबूवर चढले आणि कंबरेच्या पकडीनं बॅनरची वरची दोरी तोडली. मग दुसऱ्या टोकाची. ग्रह आणि देणगीदार एकदमच खाली आले. पाहुणे स्टेजवरच्या सोफ्यावरून उठून बाजूला झाले, त्यांचं तोंड आपोआपच पश्चिमेला वळलं.

मागे शेड होती, चूल होती, धूर होता, गयाबाई होत्या. त्यांच्या पलीकडे केशरी आभाळ, टेकडी, टॉवरचा लाल दिवा. आणि दिव्याच्या वर, जरा उजव्या हाताला, एक ठिपका. लहान, फिकट पिवळा, पण स्थिर आणि चांगला ठसठशीत. मी फळ्यावर काढत असे त्यापेक्षा कितीतरी साधा.

साठ माणसं उभी होती आणि कुणीही "हाच" म्हणेना. एकदा फसलेली माणसं होती ती. शेवटी गयाबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "तीच ती. आज कालच्यापरीस जरा वर हाय."

बिरादार सर माझ्याजवळ आले. "मॅडम, परवा मी दुर्बिणीतून बघून बुधच म्हणालो होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "मीसुद्धा आजच बघून राहिलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा." मग ते स्वतः दुर्बीण घेऊन शेडमध्ये गेले आणि आधी गयाबाईंच्या डोळ्याला लावली. त्या म्हणाल्या, "पिठाचे हात हायेत, तुमीच धरा." सरांनी धरली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या खेपेला आमटी नव्हती. मला फार आनंद झाला. पण सविता माझ्याजवळ आली नाही. ती लांब लिंबाखाली उभी राहून एकटीच बघत होती, टेकडीमागे जाईपर्यंत.

सोमवार : परत लातूर

लोह्याहून लातूरची गाडी मिळाली. तिवई आमच्या पायांत होती. सविता खिडकीबाहेर तोंड करून बसली. मी एकदा चिक्की पुढं केली, तिनं घेतली, पण हातातच ठेवली. अहमदपूर आलं, गेलं. मी मनात म्हटलं, तिला रागवायचा हक्क आहे. वीस वर्षं ज्या वाक्याच्या जोरावर ती गच्चीवर उभी राहिली ते वाक्य मी चारचौघांत मागं घेतलं होतं.

चाकूरच्या अलीकडे ती म्हणाली, "बाई, तुमी टुंड्रा बगितलाय का?"

"नाही."

"ज्वालामुखी?"

"नाही."

"भरती-ओहोटी तर बगितली असंल. तुमी आमाला लाटांचा आवाज काडून दाखवला होता."

"समुद्र मी निवृत्त झाल्यावर पाहिला. आवाज वेगळा असतो."

तिनं चिक्कीचा तुकडा मोडला. "मग बगितलंय तरी काय, बाई?"

मी विचार केला. या वेळी घाईनं उत्तर द्यायचं नव्हतं. "काळी जमीन," मी म्हणाले. "मांजरा नदी, कोरडी. आणि बुध."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आठवीच्या वर्गात पाहिलं होतं तसंच.

"किती येळा?"

"एकदा," मी म्हणाले.

तिनं चिक्कीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला.